अर्धा कोयता

माझ्या डोक्यावर रेश्मा राहते. केडगावात ज्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत मी असते, त्याच्याच वरच्या मजल्यावर. पस्तीस वर्षं तंबूच्या नाटकांत कामं केल्यामुळे मला पावलांवरून माणूस ओळखायची सवय आहे. विंगेत अंधार असतो, कोण आलं ते तिथे कानच सांगतात. रेश्माची पावलं टेबलापासून ओट्यापर्यंत जातात आणि ओट्यापासून टेबलापर्यंत येतात. चार वर्षं झाली, त्या पावलांत दुसरी पावलं कधी मिसळली नाहीत. मिसळलीच तर ती माझी, आणि तीही गुडघे बरे असतील त्या दिवशी.

ती खर्ड्याजवळच्या एका वाडीची. आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि ही वसतिगृहात राहायची. नगरला इंजिनीअर झाली, पुण्याच्या एका कंपनीत लागली. कोरोनात कंपनीने सगळ्यांना घरी पाठवलं, तेव्हापासून ती इथूनच काम करते. गावातल्या डेअरीत दूध मोजणारं एक यंत्र असतं. आपण दूध ओतलं की ते मराठीत छापलेली पावती देतं. त्या यंत्राच्या पोटातलं सॉफ्टवेअर हिची कंपनी बांधते.

एकदा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "मावशी, आज दमले. चार रेसिप्या वर चढवल्या."

मी संध्याकाळी वाटी घेऊन वर गेले.

"हे काय आणलंत?"

"चार पदार्थ केलेस ना? एखादा दे की चाखायला."

ती इतकी हसली की शेवटी जमिनीवर बसली. मग तिने मला स्क्रीनवर तिची रेसिपी दाखवली. दहा-पंधरा ओळी. हे सॉफ्टवेअर अमक्या ठिकाणाहून आणा, त्याची अमुक आवृत्ती घ्या, गाठोडं खरं आहे ना ते या आकड्याने पडताळा, ही ठिगळं लावा, मग बांधा. ठिगळाला ती पॅच म्हणते. असली दोनशे गाठोडी एकत्र बांधली की यंत्र चालू होतं. गाठोडी बनवणारे जगभर पसरलेले, हिने न पाहिलेले लोक. ते नवी आवृत्ती काढतात, मग हिला रेसिपी वर चढवावी लागते. आकडा बदलायचा, लायसन तेच आहे का बघायचं, आणि जुनी ठिगळं नव्या कापडावर बसतात का ते तपासायचं.

"आमच्या मॅनेजरची वही अशीच होती," मी म्हणाले. "पेटी कुठून आणायची, कनात कोणाची, राजाच्या अंगरख्याला कुठे टाका घालायचा, सगळं लिहिलेलं. वही हरवली की खेळ बंद."

"तसंच. फक्त आमच्याकडं टाळ्या न्हाईत."

ते खरंच होतं. ती रेसिपी चढवते, यंत्र पूर्वीसारखंच चालतं आणि कोणालाच काही कळत नाही. काम चांगलं झालं याची खूण एकच, कोणाचा फोन येत नाही.

दोनशेपैकी एकच रेसिपी ती वर चढवत नव्हती. पडद्यावर आणि पावतीवर अक्षरं जुळवणाऱ्या गाठोड्याची. हे मला कळलं ते तिच्या साहेबांमुळे. अंगदसर त्यांचं नाव. मी वर बसलेली असतानाच त्यांचा फोन आला आणि तो तिने स्पीकरवर घेतला.

"रेश्मा, दोन वर्षं तीच आवृत्ती. सगळं घर रंगवलंस आणि एक भिंत तशीच ठेवलीस?"

"सर, त्याच्यात पॅच आहे."

"पॅचला काय मुहूर्त लागतो का? आता जुन्या आवृत्तीत भोक सापडलंय, कोणीही आत शिरेल. शुक्रवारपर्यंत तू कर, नाहीतर मी इथल्या कोणालातरी देतो. तो पाच मिनिटांत उडवेल तो पॅच."

तिने फोन ठेवला. मग तिने तो पॅच उघडून दाखवला. वरच्या ओळीत नाव होतं, ओंकार. त्याखाली तारीख, एप्रिल दोन हजार एकवीस.

ओंकार श्रीगोंद्याचा, पहिल्यापासून घरूनच काम करणारा. सहा वर्षं दोघांनी एकाच कामात घालवली. समोरासमोर भेटले दोनदा, बाकी सगळं लिहून. यंत्र पहिल्यांदा मराठी छापायला लागलं तेव्हा 'शेतकऱ्यांना' हा शब्द चुकायचा. शब्दाच्या पोटात आडवा पडणारा जो अर्धा र असतो, तो उडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसायचा. पुण्यातल्या कोणाला त्याचं काही वाटलं नाही. या दोघांना वाटलं. त्या र ला रेश्मा कोयता म्हणायची. आकार तसाच, आणि तिच्या घरातलं पहिलं हत्यार तेच. ओंकारने तो कोयता जागेवर बसवणारा पॅच लिहिला आणि तिला निरोप पाठवला, 'टाकलाय, बघ.' तिने लिहिलं, 'बघते.' ते त्याने वाचलं नाही. तोवर त्याला दवाखान्यात नेलं होतं. दुसरी लाट होती. आठवड्याने तो गेल्याचं कंपनीचं पत्र सगळ्यांना आलं. श्रीगोंद्याला जायची तेव्हा कोणालाच मुभा नव्हती.

"असा पॅच मूळ लोकांना, गाठोडं बनवणाऱ्यांना, पाठवायचा असतो," ती म्हणाली. "त्यांनी घेतला की आपल्याकडून काढायचा. पाठवला का न्हाई, ती ओळ पॅचमध्येच असते. ह्यात बघा, 'पेंडिंग'. मीच तशी ठेवली. पाठवला असता तर गेला असता."

"मग आता?"

"आता त्यांनी त्यांच्या त्यांच्या हातानं दुरुस्ती केली. दोन वर्षांपूर्वीच. पॅचची गरजच न्हाई, मावशी. काढला की ओंकारचं नाव कुठंच राहत न्हाई. एवढं एकच काम त्याच्या नावावर उरलंय."

मला आमची नाटक कंपनी आठवली. आमच्या कंपनीत विदूषक वारला तेव्हा त्याची टोपी महिनाभर खुंटीवर होती. नवा विदूषक उघड्या डोक्याने नाचला. मग एका प्रयोगाला पब्लिकनेच ओरडून विचारलं, टोपी कुठाय? खेळाला टोपी लागत होती. मी तिला एवढंच सांगितलं.

गुरुवारी दुपारी तिने वरून हाक मारली. "मावशी, या की वर. एकटीनं नको वाटतंय."

टेबलावर डब्याएवढं यंत्र होतं. तिने नवी आवृत्ती चढवली, ओंकारचा पॅच काढला आणि पावत्या छापायला लागली. मोठ्याने वाचायचं काम माझं. "शेतकऱ्यांना. दुसऱ्या. सुऱ्या. पायऱ्या." मी आवाज लावून वाचत होते. सगळे कोयते जागच्या जागी. परक्या माणसांनी काम चोख केलं होतं. प्रत्येक पावतीला रेश्मा मान हलवायची आणि तिचा चेहरा आणखी उतरायचा.

तिचं मन दुसरीकडे वळावं म्हणून मी म्हणाले, "श्रीगोंद्याला आम्ही एकदा गुऱ्हाळावर खेळ केला होता. तिकिटाऐवजी काकवी. दुसऱ्या अंकात राजाच्या मिशीला मुंगळे लागले."

ती पहिल्यांदा हसली. "ओंकारच्या घरचंच गुऱ्हाळ हुतं. थांबा, तेच छापू."

कागद सरकत बाहेर आला. मी सवयीने वाचायला तोंड उघडलं आणि अडखळले. इतक्या वर्षांत रंगमंचावर अडखळले नव्हते. कागदावर होतं, 'गुर्हाळ'. र उडून ह च्या डोक्यावर बसला होता.

"पोरी, हा तुझा कोयता इथे का पडला?"

तिने कागद माझ्या हातून ओढून घेतला. मग काढून टाकलेला पॅच परत उघडला. त्याचे दोन भाग होते. वरचा य पुढे आला तर, खालचा ह पुढे आला तर. परक्यांनी वरचाच भाग केला होता.

"हा खालचा मला कायम जास्तीचा वाटायचा," ती हळू म्हणाली. "चार वर्षं मी त्याला सांभाळलं, पण नीट वाचलंच न्हाई, मावशी. 'बघते' म्हणले आणि बघितलंच न्हाई."

शुक्रवारी रेसिपी वर चढली. अंगदसरांचा फोन स्पीकरवरच होता.

"परत पॅच?"

"व्हय सर. पण अर्धाच."

आणि या वेळी तिने तो अर्धा मूळ लोकांकडे पाठवला. लेखक म्हणून ओंकारचं नाव, खाली पाठवणारी म्हणून तिचं. शेतकरी, ऊस, काकवी, गुऱ्हाळ म्हणजे काय, हेही चार ओळींत लिहिलं. पुढे तीन आठवडे वरची पावलं टेबलाकडे जरा जास्तच वेळा जायची.

उत्तर आलं ते कुठल्यातरी थंड देशातल्या माणसाचं. पॅच घेतला, आभार. खाली एक प्रश्न होता. लेखकाच्या ईमेलवर पाठवलेलं पत्र परत येतंय, नाव-पत्ता बरोबर आहे ना? चुकला असेल तर तुमचं एकटीचं नाव लावतो.

तिने दिवसभर त्याला काही लिहिलं नाही. संध्याकाळी खाली माझ्याकडे आली, उंबऱ्यातच बसली.

"आमच्यात ऊसतोडीला मुकादम माणसं मोजत न्हाई, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं असलं की त्याला अर्धा कोयता म्हनतात. वडील गेल्यावर आईला तसंच म्हनायचे." मग म्हणाली, "आमची जोडी-बिडी नव्हती, मावशी. त्यानं कधी विचारलं न्हाई, मी बोलले न्हाई. पण काम आम्ही एका कोयत्याचं केलं."

"मग तेच लिही त्याला."

"त्याला काय कळणार कोयता?"

तिने दोनच वाक्यं लिहिली. पत्ता आता बंद आहे. नाव बरोबर आहे, तसंच राहू द्या.

तसंच राहिलं. पुढची आवृत्ती आली तेव्हा त्या देशोदेशीच्या लोकांच्या यादीत ओंकारचं नाव होतं. तिने मला वर बोलावून ते दाखवलं. मग रेसिपीतली पॅचची ओळ पुसली. खालच्या ओळी एक घर वर सरकल्या. "आता पेंडिंग काही न्हाई," ती म्हणाली आणि खुर्चीत मागे टेकून बसून राहिली. मी जिना उतरले तरी वर पावलं वाजली नाहीत.

शेवटी छापलेली पावती तिने मला दिली. तिच्यावर 'गुऱ्हाळ' नीट आहे. पण असल्या कागदावरची शाई काही महिन्यांत उडते. परवा चष्मा लावून बसले आणि त्या आडव्या र वरून पेन फिरवला. कोयता जागेवर बसला.