चिंगी शेवटच्या चढाला का थांबते

"मॅडम, फक्त हो की नाही सांगा. हिचं हार्ट गेलंय का?"

तेजस परब टेबलाच्या पलीकडे उभा राहून विचारत होता. टेबलावर त्याची चिंगी होती. हार्ट गेलेला कुत्रा डॉक्टरच्या ओढणीचं टोक एवढ्या आवडीने चघळत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो हसला नाही.

मी मुलुंडला प्राण्यांचा दवाखाना चालवते. चिंगीला पिल्लू असल्यापासून ओळखते. तेजसला ती विक्रोळीत, ऑफिसच्या गेटबाहेर सापडली होती. चांगली गावठी, लांब पायांची, पोट आत आणि छाती बाहेर. घरी आणल्यावर तिने सोफा फाडला, चपला फाडल्या, तेजसच्या आईची जपमाळसुद्धा खाल्ली. शेवटी कोणीतरी त्याला सांगितलं, हिला पळव. मग दोघं मिळून कॅनिक्रॉस शिकले. म्हणजे कुत्र्याच्या अंगात पट्टा, माणसाच्या कमरेला पट्टा, मध्ये ताणणारी दोरी, आणि दोघांनी मिळून मातीच्या रस्त्यावर पाच किलोमीटर पळायचं. दीडेक वर्षात चिंगी इतकी शहाणी झाली की सोफा नवा घेतला गेला.

भानगड एकच होती. रोजच्या प्रॅक्टिसला ती झकास पळायची. शर्यतीला मात्र शेवटच्या चढावर थांबायची. नुसती दमून नाही, मागचे पाय लटपटायचे, नजर कुठेतरीच. सलग तीन शर्यतींत हेच झालं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी तपासलं, ठोके फार हळू आहेत म्हणाले, पळवणं कायमचं बंद करा असा सल्ला दिला.

"बंद केलं तर ती वेडी होईल हो," तेजस म्हणाला. "आणि नाही केलं आणि रस्त्यातच काही झालं तर? पुढच्या महिन्यात शर्यत आहे. तुम्ही सांगाल तसं."

त्याचा आवाज जरा फाटला. मी स्टेथोस्कोप कानाला लावला.

ठोके हळू होते, खरंय. पण नेमाने पळणाऱ्या कुत्र्याचं हृदय मोठं आणि दमदार होत जातं. एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून बसल्या जागी त्याला घाई नसते. तरी मी सोनोग्राफी करायला लावली, रक्त तपासलं, ईसीजी काढला. सगळं नॉर्मल. सोफा फाडणाऱ्यांत जे काही असायला हवं ते सगळं तिच्यात जागच्या जागी होतं.

"शर्यतीच्या दिवशी वेगळं काय करता?"

"काही नाही."

"खायला काय देता?"

"काहीच नाही मॅडम. उपाशीपोटी. तुम्हीच तर सांगितलंत."

मालक खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण मालकांना जे विचारलं जात नाही ते ते सांगत नाहीत, आणि जे विचारलं जातं त्याचा अर्थ ते आपल्या घरातल्या रीतीप्रमाणे लावतात. म्हणून मी फर्मान काढलं. येत्या रविवारी खोटी शर्यत. घरापासून सगळं अगदी शर्यतीसारखं. तोच पट्टा, तोच टी-शर्ट, तीच निघायची वेळ. मी घरी येते.

रविवारी सकाळी मी परबांच्या दारात. तेजस बूट बांधत होता, चिंगी दाराशी नाचत होती. आणि आतून त्याच्या आई आल्या. हातात दोन वाट्या. लहान वाटी तेजसला. मोठी, काठोकाठ भरलेली, चिंगीच्या पुढ्यात. तिने ती अशी साफ केली की घासायची गरज उरली नाही.

"काकू, हे काय?"

"दही-साकर." आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, जणू मी कुठल्या परदेशातून आले होते. "दही-साकर दिल्याशिवाय ह्या घरातल्या कोणाक मी मोठ्या कामाक धाडूक नाय आजपर्यंत."

"तेजस! तू म्हणालास काही खायला देत नाही!"

"अहो मॅडम, ते खाणं थोडीच आहे? ते शकुनाचं!"

मी कपाळावर हात मारला. मग काकूंकडून मधाची बाटली घेतली, स्कूटरच्या डिकीतलं रक्तातली साखर मोजायचं छोटं मशीन काढलं, दोन्ही पर्समध्ये टाकलं आणि डोंगराच्या पायथ्याकडे त्यांच्या मागोमाग स्कूटर काढली. चढ सुरू झाला तशी चिंगी ढेपाळायला लागली. तेजसला थांबवलं. कानाच्या कडेतून थेंबभर रक्त घेतलं. साखर खाली घसरलेली. मध चाटवला, थोड्या वेळाने चिंगीबाई परत शेपूट हलवायला लागल्या.

आता यातली मेख सांगते. लांब पळताना कुत्र्याचा भर मुख्यतः चरबीवर असतो. साखर म्हणजे चुलीतला कागद, भसकन पेटतो आणि संपतो. चरबी म्हणजे जाड लाकूड. नेमाने सराव केला की स्नायू ते लाकूड पेटवायला पटाईत होतात, आणि साखर मागे राखून ठेवतात. चिंगीने रोज पळून पळून ही कमाई केली होती. आणि शर्यतीच्या दिवशी काठोकाठ वाटी पोटात गेली की शरीर इन्सुलिन सोडायचं. इन्सुलिन साखर झपाट्याने उतरवतं आणि वर चरबीच्या कोठाराला कुलूप लावतं. चढावर पोहोचेपर्यंत कागद जळालेला आणि लाकूड कुलपात. मग पाय लटपटणार नाहीत तर काय!

पुढच्या रविवारी वाटी नाही, बाकी सगळं तेच. चिंगी चढ अशी चढली की मी स्कूटरवर मागे पडले.

आता खरं अवघड काम. आईंना सांगणं. मी सांगितलं, शक्य तितकं गोड करून.

"म्हणजे मियाच पाडतंय तिका? दरखेपेक?"

तेजस म्हणाला, "आई, तसं नाही गं."

"तसाच आसा." त्यांनी पदराने डोळे पुसले. चिंगी जाऊन त्यांच्या पायावर बसली. हिने पूर्वी जिची जपमाळ खाल्ली, तीच ही बाई. मला गलबलून आलं, खोटं कशाला बोलू.

"काकू, शकुन बंद करायचा नाही," मी म्हटलं. "वेळ बदलायची. आदल्या संध्याकाळी द्या. आणि दही-साखरेऐवजी बांगडा, काटे नीट काढून, मीठमसाला काही नाही. चरबीचा मासा, जाड लाकूड तेच."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. "बांगडो? मग आधी सांगूचा ना! एवढी दही-साकर कशाक फुकट घालवली!"

शर्यतीला मी स्वतः गेले, शेवटच्या चढाच्या माथ्यावर उभी राहिले. छातीत धडधडत होतं, चिंगीच्यापेक्षा माझ्या जास्त. ती वळणावर दिसली. कान मागे, दोरी ताठ. पाय पक्के. थांबली नाही, लटपटली नाही, माझ्यासमोरून सुसाट गेली. मी रस्त्यात उभी राहून लहान मुलीसारखी ओरडत होते.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला मात्र तेजस होता. जांभळा पडलेला, तोंड उघडं, अक्षरशः ओढला जात होता. शर्यतीची शेवटची रेषा माथ्यापासून चार पावलांवर होती. ती ओलांडून तो मातीत बसला.

"काय रे, तुला काय झालं?"

"मॅडम... वाट लागली... आईने सवयीने दोन्ही वाट्या भरल्या... म्हणाली, चिंगीची वाटी वाया कशी घालवायची..."

"मग?"

"दोन्ही मीच खाल्ल्या."

मी पर्समधून मधाची बाटली काढली आणि त्याच्या हातात दिली.

तेव्हापासून दवाखान्यात "खायला काय देता?" एवढं विचारून मी थांबत नाही. पुढचा प्रश्न असतो, "घरातून निघताना आई काय देते?" निम्मं निदान तिथेच होतं.