खण-नारळाची पावती

समोरच्या गाडीच्या विमा कंपनीचा माणूस चौकशीला घरी आला, तेव्हा बाबांनी त्याची सरबराई मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखी केली. पंखा त्याच्याकडे वळवला, सोफ्यावरचं वर्तमानपत्र उचललं आणि मला पोहे करायला सांगितले. माझे पोहे चिकट होतात हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, आणि आलेल्या माणसाला नुसत्या चहावर पाठवायचं म्हणजे बाबांच्या लेखी पाप.

अपघात मानकोलीच्या नाक्यावर झाला होता. डोंबिवलीहून मावशीकडून आम्ही दोघी परत येत होतो. गाडी मी चालवत होते; खरं तर चालवतही नव्हते, वळायला जागा मिळायची वाट बघत उभी होते. गोडाऊनच्या बाजूने एक गाडी उलट्या दिशेने सुसाट घुसली. धडक बसायच्या आधी आईने उजवा हात माझ्या छातीसमोर आडवा धरला. दोन दशकं नोकरी केलेल्या, गाडी चालवणाऱ्या लेकीला ती हाताने अडवून धरत होती. तो हात माझ्या आणि स्टिअरिंगच्या मध्ये सापडला. मला साधं खरचटलं नाही. तिच्या मनगटाचा चुरा झाला.

समोरचा गाडीवाला वाईट नव्हता. त्याने तिथल्या तिथे हात जोडले, दवाखान्यातही आला. पण प्रकरण विमा कंपनीकडे गेलं की माणूस बाजूला होतो. मग तो दिसत नाही आणि त्याचा रागही करता येत नाही.

तर तो चौकशीवाला. पोहे खाल्ले, छान झालेत म्हणाला, तेव्हाच मला त्याचा संशय यायला हवा होता. मग आईकडे बघत त्याने विचारलं, "या काय करतात?"

"काही नाही!" बाबा म्हणाले. "तिला काय कमी आहे? भांड्यांना बाई येते, कपड्यांना मशीन आहे. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क होतो, पण तिला कधी काही करायला लावलं नाही. अगदी राणीसारखी ठेवली."

दारात उभी राहून आई मान हलवत होती, चक्क खुशीत. आमच्यासारख्या घरांत परक्या माणसापुढे बायको राबते असं म्हणायचं म्हणजे आपण कमी पडलो अशी कबुली द्यायची. भिवंडीत पिढ्या गेल्या तरी ही खोड जात नाही. त्या माणसाने सगळं लिहून घेतलं. बाबांनी खाली सही केली आणि त्याला खालपर्यंत सोडायलाही गेले.

आता आई काय करायची ते सांगते.

आमच्या गल्लीत मागच्या अंगाला लूमची खटखट दिवसभर चालू असते. गल्लीतली बाळं त्या आवाजातच जन्मतात, आणि लूम बंद पडले की दचकून जागी होतात. त्या सगळ्या बाळांना आई न्हाऊ घालायची. कुणाकडे बाळ झालं की सकाळी निरोप यायचा. आई पदर खोचून जायची, पाटावर बसून पाय लांब करायची आणि बाळाला नडग्यांवर आडवं घ्यायची. तेल चोळणं, नाक-टाळू, गरम पाणी. मग उजव्या हाताने काय करायची कुणास ठाऊक, मनगटाच्या एका झोक्यात उताणं बाळ पालथं व्हायचं आणि त्याला ते कळायचंसुद्धा नाही. रडणारं पोर पालथं होता होता गप्प झालेलं मी कितीदा तरी पाहिलंय. लूमवर कामाला आलेल्या उत्तरेकडच्या लोकांच्या बायका तिला अम्मा म्हणत. "गर्दन पकड बराबर," आई त्यांना दटावायची, "पोर हाय ते, भोपळा न्हाय."

पैसे ती घेत नसे. कुणी हातात कोंबलेच तर रागावायची. "लेकराच्या तेलापान्याचे पैसे घेत न्हाईत," एवढंच म्हणायची. सव्वा महिना झाला की ज्या त्या घरून खण-नारळ यायचा. ज्यांच्यात खण देत नाहीत त्या घरून बांगड्या, नाहीतर मिठाई. आमच्या कपाटातला एक कप्पा नुसत्या खणांनी भरलेला असायचा.

माझं लग्न उशिरा झालं आणि मूल काही केल्या होईना. सासरहून मी माहेरी आले की गल्लीतलं कुठलं तरी बाळ आईच्या पायांवर असायचं. मी उंबऱ्यात बसून बघायचे. ते तेल, ते ओलं जावळ, आईचं ते अर्धं गाणं आणि अर्धं रागावणं. मला त्या पायांवर माझं मूल हवं होतं. दुसरं काही मागायला मी देवळात गेलेच नाही. बाकीच्या बाया मुलाला इंजिनियर करायचं म्हणतात. माझी उडी आईच्या पाटापर्यंतच होती.

प्लास्टर निघालं, आत प्लेट राहिली. बोटं हलायला लागली, पेला धरता यायला लागला. मनगट मात्र वळेना. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. आईने केला. रबराचा चेंडू दाबत दाबत ती मालिका बघायची. आणि त्याच सुमाराला, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, मला दिवस राहिले. बातमी सांगितली तेव्हा आईने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या हाताकडे. त्या दिवसापासून ती चेंडू जास्तच जोरात दाबायला लागली.

इकडे नुकसानभरपाईच्या दाव्यावर विमा कंपनीचं उत्तर आलं. जखमी महिला गृहिणी आहे, घरात कामाला माणसं आहेत, ती कोणतंही काम करत नसल्याचं पतीने स्वतः लिहून दिलं आहे, सबब तिच्या हाताच्या दुखापतीने विशेष नुकसान झालेलं नाही. वर आणखी एक वाक्य: तिने ऐनवेळी स्टिअरिंगकडे हात नेल्यामुळे चालकाच्या ताब्यात अडथळा आला असावा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाचवायला आलेला हात यांनी अडथळा करून टाकला.

आमच्या वकीलबाईंनी बाबांची सही बघून कपाळाला हात लावला. मग आईला विचारलं, "काही शिवणटिपण? डबे? शिकवण्या?"

मी बाळांचं सांगितलं. त्या सरसावून बसल्या. "मग ते काम झालं ना! त्याची काही पावती?"

"खण-नारळाची पावती कोण देतं हो?" बाबा म्हणाले. त्या दिवशी प्रथमच त्यांचा आवाज बारीक झालेला मी ऐकला.

प्रकरण ठाण्याच्या लोकअदालतीत तडजोडीसाठी लागलं, तेव्हा मला सातवा महिना होता. मोठा हॉल, टेबलं मांडलेली, एकेका टेबलाशी एकेक अपघात. आमच्या टेबलापलीकडे निवृत्त न्यायाधीश होते आणि विमा कंपनीचे एक अधिकारी. बोलायला सभ्य, थकलेले, त्यांच्यापुढे सकाळपासून माणसांचे मोडलेले हातपाय येऊन गेले असणार. न्यायाधीशांनी आईला मायेने विचारलं, "ताई, अपघाताआधी तुम्ही काय काय करत होता?"

वकीलबाईंनी तिला सगळं पढवून ठेवलं होतं. आईने पदर सारखा केला, बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय न्हाय ओ. घरीच."

आयुष्यभर ज्याच्या मानासाठी ती हे वाक्य बोलत आली, तो माणूस शेजारी बसला होता. त्याच्यासमोर तिला दुसरं काही बोलताच येईना.

बाबा उठले. मला वाटलं, रागाने बाहेर चालले. ते टेबलाला वळसा घालून पुढे आले आणि इस्त्रीच्या पँटीनिशी, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, हॉलच्या फरशीवर बसले. पाय लांब केले. हातातली कापडी पिशवी, पाण्याची बाटली आणि डबा असलेली, नडग्यांवर आडवी घेतली.

"साहेब, हे असं," ते म्हणाले. "असं घ्यायचं. इथे मान. मग हे तेल." ते पिशवी चोळायला लागले. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघत होती. मी बाबांना आयुष्यात कधी न्हाणीच्या आसपास फिरकलेलं पाहिलं नव्हतं. पण क्रम चुकला नाही. कपाळ, नाक, टाळू, छाती, पाय. इतकी वर्षं पेपरामागून ते बघत असले पाहिजेत. "आणि आता हे पालथं." त्यांनी मनगट वळवलं. पिशवी घसरली, डबा खणकन वाजला.

"मान धरा!" आई ओरडली. "मान सुटली त्याची!"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

बाबा फरशीवरून अधिकाऱ्यांकडे बघत म्हणाले, "मला येत नाही ते. हिला यायचं. गल्लीतली सगळी पोरं हिने न्हाऊ घातली. आता हात वळत नाही हिचा, आणि आमच्या मुलीला सातवा लागलाय."

अधिकारी खुर्चीतून उठले, त्यांनी बाबांना हात देऊन उभं केलं. मग वकीलबाईंना घेऊन बाजूला गेले. बोलणं फार चाललं नाही. स्टिअरिंगचं ते वाक्य कंपनीने मागे घेतलं, हाताचं नुकसान मान्य केलं. आईने डाव्या हाताने सही केली. बाबा घामाघूम झाले होते आणि पँटीवरची धूळ झटकायचं विसरले होते.

पैसे आले, कबूल केल्याप्रमाणे आले. त्याबाबत कंपनीला नावं ठेवायला जागा नाही. त्याआधी मुलगी झाली. जवळच्या वडपे गावची एक बाई रोज सकाळी न्हाऊ घालायला यायला लागली. चांगली होती, हात हलका होता. आई शेजारी स्टुलावर बसायची. पाणी बघ, मान बघ, म्हणायची. ती बाई बाळाला पालथं करायची तेव्हा आईचा खांदा आपोआप पुढे यायचा. मला बाईचं काही चुकत नसूनही तिचा राग यायचा. मला माझी आई हवी होती. ती हाताच्या अंतरावर बसली होती आणि मला ती हवी होती.

एका दुपारी बाबा बाहेर गेल्यावर आईने पाट मांडला. तेल काढलं नाही, पाणी काढलं नाही. पाय लांब करून बसली आणि म्हणाली, "दे तिला."

मी मुलीला तिच्या नडग्यांवर ठेवलं. आईने डाव्या हाताने मान धरली आणि उजवा पंजा तिच्या छातीवर ठेवून हळूहळू चोळला. कपाळ, नाक, टाळू. मग उजवा हात खाली सारला. मनगट अडलं. तिने पुन्हा सारला. मुलगी तिच्याकडे टकमक बघत होती.

"पालथी तू कर," आई म्हणाली.

मी केली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, कानामागे फिरवला, ओंजळीत नसलेलं पाणी घातलं.

"झाली बघ आंघोळ," ती म्हणाली. "टॉवेल दे."

मी टॉवेल दिला. आणि आईने माझ्या कोरड्या मुलीला नीट, अंगाच्या सगळ्या घड्या उलगडून, पुसून काढलं.