गुणाबाईचा हळदीचा धवला

माझी सासू गुणाबाई धवलारीण, लग्नातली धवल्याची गाणी गाणारी. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजीला उशीर झाला तर चालतं, पण धवले गाणारी नसली तर हळद लागणार कशी? पनवेलच्या आसपासच्या किती गावांत तिनं धवले गायले. आवाज असा खणखणीत, की माझ्यावर ओरडली तरी शेजारच्या आळीला कळायचं.

चुलीच्या धुरानं त्या गळ्याची माती केली. फुप्फुसं थकत गेली, घरात ऑक्सिजनचं मशीन आलं आणि बाईनं बोलणंच टाकलं. अशा म्हाताऱ्या माणसांना धीर द्यायला दवाखान्यातून दिपिका नावाची मुलगी दर मंगळवारी फोन करायची. सासू हूं की चूं करत नसे. पण दिपिका चिवट. एकदा तिनं विचारलं, "आजी, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

"मरनाची नाय. नातीच्या हळदीला धवला मधीच तुटंल, याची. तुटलेला धवला पोरीला बाधतो."

नात म्हणजे माझी मनस्वी.

"दम लागला तर काय करतात मग?"

"दुसरीनं उचलायचा. पन आता येतो कोनाला?"

"मला शिकवा," दिपिका म्हणाली.

झालं! सासूनं एक ओळ सांगायची, मग दिपिकानं शिकवल्यासारखा ओठांचा चंबू करून सावकाश श्वास, मग पुढची ओळ. मंगळवारी सासू सकाळीच वेणीफणी करून फोनपाशी बसू लागली.

हळद मंगळवारीच आली. मांडवात डीजे, फटाके, धूर. "आयेला तरास होल," म्हणत माझ्या नवऱ्यानं तिला आतल्या खोलीत बसवलं आणि दार ओढून घेतलं. मला संताप आला. पण धूर खरंच होता, मी भांडणार काय?

हळदीचं ताट न्यायला आत गेले, तर फोन स्पीकरवर चालू. नाकात नळी, डोळे मिटलेले, सासू दिपिकाला धवला गात होती. शेवटच्या ओळीला तिला धाप लागली. ओठ हलले, आवाज फुटेना. फोनमधून दिपिकानं ओळ उचलली. बेसूर, रडत, पण पुरी केली.

"तुटला नाय ना?"

"नाही, आजी."

सासूनं डोळे उघडले, मला पाहिलं. "मनस्वीनं आयकला?"

बाहेर मनस्वी डीजेवर नाचत होती.

"ऐकला, आये."

ती जरा हसली. "खोटं बोलाया अजून जमत नाय तुला, किशोरी," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली.