सलीमचा हेवा

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात आमची प्लाटून काश्मीरमध्ये एका उंच पोस्टवर होती. मी नाईक महादू, गाव कळस. लान्स नाईक सलीम भिगवणचा. त्याचे वडील उजनी धरणात मासे धरायचे. एकाच भागातले म्हणून सगळे आम्हाला दोस्त समजत. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा.

आदल्या वर्षी माझी बायको बाळंतपणात गेली. तेव्हापासून मी बिरोबाला हात जोडले नव्हते. सलीमचे वडील आम्ही पोस्टवर असतानाच वारले. बर्फानं रस्ता बंद, त्याला माती द्यायलाही जाता आलं नाही. तरी हा पहाटे उठून नमाज पढायचा आणि हसत चहा आणून द्यायचा. ते हसणं मला बघवत नव्हतं.

एकदा मी बोललोच, "तुझ्या बापाला न्हाय वाचवलं तुझ्या अल्लानं."

"न्हाय वाचवलं," तो म्हणाला. "पर मला सोडलंबी न्हाय."

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत एके सकाळी आम्ही चौघं गस्तीवर निघालो. दहा चाळीसला वरून हिमकडा कोसळला. मागचे दोघं वाचले. मी गळ्यापर्यंत गाडलो गेलो. शेजारी सलीम छातीपर्यंत, पायांवर मोठा दगड.

वाचलेल्यांपैकी एकानं रेडिओवरून पोस्टला कळवलं. "दोघं गाडलेत. मदत पाठवा. ओव्हर."

"निघालो. एक तास. ओव्हर."

फावडं एकच होतं. सलीम म्हणाला, "आधी महादूला काढा. मला येळ लागंल."

माझा श्वास कोंडत होता. मी ओरडत होतो.

"महादू, वरडू नगंस. तुझ्या बिरोबाचं नाव घे. म्या माझ्या अल्लाचं घेतो."

मी घेतलं. दीड वर्षानं घेतलं. श्वास हळूहळू जागेवर आला. शेजारून त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

अकरा पंचवीसला मला बाहेर काढलं. तोवर ते पुटपुटणं थांबलं होतं.

एप्रिलमध्ये रजेवर आल्यावर भिगवणला त्याच्या आईकडं गेलो. म्हणालो, "मावशी, सलीम शेवटपातूर भ्याला न्हाय. त्याला भ्या ठावंच नव्हतं. म्हणून मी जळायचो त्याच्यावर."

तिनं मला ओट्यावर बसवलं.

"ल्हानपणापास्नं भित्रा हुता त्यो," ती म्हणाली. "दर पत्रात लिवायचा, अम्मी, लई भ्या वाटतंय, दुआ कर. अल्लालाबी त्येच सांगायचा, त्याला धरून ऱ्हायचा, म्हणून निभावलं त्याचं."

सलीम सव्वीस वर्षांचा होता. भीती वाटली की देवाला तसं सांगावं, हे मी त्याच्या आईच्या ओट्यावर बसून शिकलो. मला मात्र हे त्याला कधी सांगता आलं नाही.