तात्यापाऱ्याने स्टॉपर उचलला

मी सालेकसा सोडलं त्या सकाळी बाबा माझ्या खिडकीशी आले नाहीत. ते त्याच स्टेशनवर पॉइंट्समन होते आणि ड्युटीवर होते. आई मात्र खिडकीचे गज धरून उभी होती. माझ्या पिशवीत मुरमुऱ्याचा चिवडा होता आणि बारावीची मार्कशीट प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळलेली. "पोचला का फोन करजो. अन् चपला दाराबाहेर ठेवू नको, शहर हाय ते," आई म्हणाली आणि गाडी हलली. बाबा प्लॅटफॉर्मच्या टोकाला हिरवी झेंडी धरून उभे होते. माझा डबा त्यांच्या समोर आला तसा मी हात बाहेर काढून हलवला. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि लगेच नजर गाडीच्या शेपटाकडे वळवली. पोरगा घर सोडून चालला आहे आणि हा माणूस गाडी बघतोय. मी डोंगरगढपर्यंत रागातच होतो.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. रायपूर का, तर बाबा म्हणायचे, "आपल्या लाइनीवरच हाय. झोप लागली तरी चुकत नाही." पहिली दोन वर्षं हॉस्टेलात गेली. मराठी बोलायला मिळावं म्हणून मी रविवारी तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीत चक्कर मारायचो. तिथली मुलं माझं मराठी समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. हळूहळू मीही सकाळी मराठीत उठून दुपारपर्यंत हिंदीत पोहोचू लागलो.

तिसऱ्या वर्षी प्रश्न उभा राहिला. हॉस्टेलची जागा दोनच वर्षांसाठी होती; तिसऱ्या वर्षी दिवाळीपर्यंत राहू दिलं, पुढे नाही. भाड्याची खोली आमच्या घराला झेपणारी नव्हती. परीक्षा मार्चअखेर. तोवर राहायची आणि जेवायची सोय झाली तर पदवी, नाही तर परत सालेकसा. सोपं गणित होतं.

सोय एकाच ठिकाणी होती आणि ती फुटबॉलमधून जात होती. दर हिवाळ्यात रायपुरातल्या जुन्या पाऱ्यांची, म्हणजे मोहल्ल्यांची, आपसात स्पर्धा होते. टीम पाऱ्यातल्याच पोरांची, पण प्रत्येकाला एक बाहेरचा गडी घेता येतो, शहरातल्या कॉलेजांच्या खेळाडूंमधून. तात्यापाऱ्यात या गड्याला पाऱ्याच्या फुटबॉल क्लबच्या मागची खोली मिळायची आणि जेवणाचे वार लागायचे. सात घरं, सात दिवस. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. स्पर्धा संपली की ही सात घरंच ठरवायची, गडी परीक्षेपर्यंत ठेवायचा की त्याला निरोप द्यायचा.

निवड रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात व्हायची. आम्ही कॉलेजची पोरं एका रांगेत उभे, समोर पाऱ्यापाऱ्याची माणसं. आदल्या वर्षी जो पारा शेवटचा आला त्याने सगळ्यांत आधी उचलायचं. तात्यापारा शेवटचा आला होता. माझ्या शेजारी आमच्याच कॉलेजचा जांगडे उभा होता, त्या मोसमात सगळ्यांत जास्त गोल मारणारा. तात्यापाऱ्याच्या बायांनी त्याच्यासाठी हार आणला होता. मी स्टॉपर. गोलकीपरच्या पुढे, बाकी सगळ्यांच्या मागे. फोटोतसुद्धा मी कडेला असायचो.

टीमचे वडीलधारे देवतळे काका पुढे आले. मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झालेले, शर्टाच्या खिशात अजूनही शिटी. रांगेवरून त्यांनी एकदा नजर फिरवली आणि माझ्या छातीवर बोट ठेवलं. "हा."

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही.

"पहला नंबर मिला, और स्टॉपर उठा लाए?" पप्पू भैया ओरडला. तो टीमचा कॅप्टन. "काका, चश्मा बदलवाओ!"

"काहून जी, आपल्याकडे खांब कमी होते काय?" ही लताकाकू. चौकात तिचं शिवणकामाचं दुकान होतं आणि तात्यापाऱ्याची एकही मॅच तिने चुकवलेली नव्हती. "लाइटीचा खांब उभा करून दिला असता मीनं तिथं. खायला तरी मांगला नसता."

लोक हसले. कोणी तरी म्हणालं, "गार्ड साहब अपना आखिरी डब्बा ले आए. एल व्ही!" गाडीच्या शेवटच्या डब्यामागे एल व्ही, म्हणजे लास्ट व्हेइकल, लिहिलेली पाटी असते, ती रेल्वेच्या शहरात सगळ्यांना माहीत. तेव्हापासून मी एल व्ही झालो. जांगडेला पुरानी बस्तीने उचललं. जाताना त्याने माझा खांदा दाबला. "हव भाई, आता भेटू मैदानात," म्हणाला. हार लताकाकूच्या हातातच राहिला.

खरं सांगतो, मी वेगळ्या प्रश्नाची तयारी करून गेलो होतो. परक्या पाऱ्यात, सात परक्या स्वयंपाकघरांत जेवायचं, तर आधी आडनाव विचारतील आणि मग घरात शांतता होईल, असं मला वाटत होतं. तसं एका घरी झालंही. पण बाकी सगळीकडे ताट वाढताना एकच विचारलं गेलं, "गोल किती मारले आतापर्यंत?" मी म्हणायचो, "एकही नाही." आणि मग शांतता व्हायची.

सातपैकी सहा वार लागले. गुरुवार लताकाकूकडे होता. तिने काकांना निरोप पाठवला, "माह्या घरचा गुरुवार गोल मारणाऱ्यासाठी होता." गुरुवार रिकामा राहिला. मी काकांना सांगितलं, मित्राकडे जेवतो. मित्र वगैरे कोणी नव्हता. गुरुवारी मी मुर्रा, म्हणजे मुरमुरे, आणि गूळ खायचो. आईला फोनवर सांगायचो, आज वांग्याची भाजी होती.

त्या खोलीत मी एक ठरवलं. हे लोक मला परत पाठवतील तर पाठवोत, पण मी कमी पडलो म्हणून नाही. पहाटे बूढा तलावाला पाच फेऱ्या. मग क्लबच्या भिंतीवर चेंडू मारून डोक्याने परतवणे, शंभर वेळा. गुरुवारी दोनशे, कारण त्या दिवशी जेवायला जायचा वेळ वाचायचा. अकराला कॉलेज. संध्याकाळी टीमचा सराव. त्यानंतर अभ्यास.

पहिल्या तीन मॅचमध्ये आमच्यावर एकच गोल झाला. पण आम्हीही एकच मारला. लोकांना झालेला गोल दिसायचा, न झालेला दिसत नव्हता. मी चेंडू अडवला की बाजूने आवाज यायचा, "अरे आगे भी तो जा, एल व्ही!" मॅचमागून मॅच ते ऐकून ऐकून माझ्या डोक्यात बसलं, की एक गोल मारला की झालं. एक गोल, आणि गुरुवारही लागेल.

चौथी मॅच बूढापाऱ्याशी होती. शेवटची दहा मिनिटं, बरोबरी. चेंडू माझ्या पायात आला आणि मी निघालो. सगळं मैदान उभं राहिलं. "जा! जा!" पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजत होत्या. दोघांना चुकवलं, तिसऱ्याने चेंडू काढून घेतला. मी मागे वळून पाहिलं तेव्हा आमच्या अर्ध्यात गोलकीपर सोडून कोणी नव्हतं. त्यांचा पोरगा एकटा पळत गेला. आम्ही हरलो.

काका मला रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खोलीवर आले आणि बाजेवर बसले.

"तुहा बाप पॉइंट्समन ना रे सुबोध?"

"हो."

"गाडी जाते तवा त्याची ड्युटी काय असते?"

मी घोकलेलं उत्तर द्यावं तसं सांगितलं. "झेंडी दाखवणे. शेवटचा डबा पाहणे. एल व्हीची पाटी दिसली की गाडी पूर्ण गेली. मगच मागची लाइन मोकळी करायची."

"अन् नाही पाहिलं तं?"

"डबा सुटून मागे राहिला तर मागून येणारी गाडी..." मी बोलता बोलता थांबलो. सालेकसाच्या प्लॅटफॉर्मचं टोक डोळ्यांपुढे आलं. पॉइंट्समनच्या पोराला हे लहानपणापासून पाठ होतं, फक्त त्या सकाळी मी स्वतः त्या गाडीत होतो म्हणून कळलं नव्हतं. बाबांनी मला एक क्षण पाहिलं आणि बाकीचा सगळा वेळ, मी ज्या गाडीत बसलो ती पूर्ण गेली की नाही, ते पाहिलं. त्यांना दुसरं काय करता येत होतं?

"मी पस्तीस वर्षं गाडीच्या शेवटी बसलो," काका म्हणाले. "कोणी हार नाही घातला. पण मी उठून इंजिनात जाऊन बसलो असतो तं? तुले मी खांब म्हणून नाही आणलं. गेल्या साली आपण जेवढ्या मॅच हरलो, सगळ्या शेवटच्या दहा मिनिटांत हरलो. लोक विसरले. मी नाही विसरलो."

शेवटची मॅच पुरानी बस्तीशी, म्हणजे जांगडेशी. हरलो तर आम्ही पुन्हा शेवटचे, आणि मग माझ्या बाजूने बोलायला काकांशिवाय कोणी उरलं नसतं. बरोबरी पुरेशी होती. मी आईला फोन केला, परीक्षेचा फॉर्म भरला असं सांगितलं, आणि बाकी काही सांगितलं नाही.

जांगडे त्या दिवशी थर्मामीटरमधल्या पाऱ्यासारखा निसटत होता. मला त्याची एकच गोष्ट माहीत होती, दोन वर्षं एकत्र खेळल्यामुळे: डावीकडे झुकतो आणि उजव्या पायाने मारतो. मी त्याच्या खांद्याकडे पाहिलंच नाही, उजव्या पायाकडे पाहत राहिलो. एकदा चेंडू छातीवर घेतला, एकदा तोंडावर, ओठ फुटला. मध्यंतरानंतर तोच आवाज सुरू झाला. "आगे जा, एल व्ही! गोल चाहिए!" शेवटची काही मिनिटं राहिली. चेंडू माझ्या पायात आला. समोर मैदान मोकळं होतं, खरंच मोकळं होतं. पप्पू भैयासुद्धा हात हलवून बोलावत होता.

तेवढ्यात कडेने एक चिरका आवाज आला.

"तिथंच राह्य रे पोट्ट्या! हालू नको! मांगं कोण हाय आपलं?"

लताकाकू. खुर्चीवर चढून उभी, गळ्यात शिवणाचा टेप. मी चेंडू पप्पूकडे लांब टाकला आणि जागेवर परत आलो. पुढच्याच मिनिटाला जांगडे चेंडू घेऊन आला, डावीकडे झुकला, आणि त्याच्या उजव्या पायापुढे मी होतो.

शून्य-शून्य. आम्ही शेवटून दुसरे आलो. हार नव्हता, मिरवणूक नव्हती. पप्पू भैया म्हणाला, "बोर मैच थी यार," आणि माझ्या फुटलेल्या ओठावर बर्फ धरून बसला.

सात घरांची बैठक मंगळवारी झाली. मला आत बोलावलं नव्हतं. काका बाहेर आले आणि म्हणाले, "परीक्षा दे." एवढंच. गुरुवारी मी डब्यातून मुर्रा काढत होतो, तेव्हा खोलीचं दार वाजलं. लताकाकू दारात. "काहून रे, गुरुवारी जेवत नाहीस काय तू? कोणाच्या भरवशावर जिवंत हायेस?" मी म्हटलं, मित्राकडे. "तो मित्र मीनं पाहिला," ती डब्याकडे बघत म्हणाली. "चाल. अन् गोलाचं मले विचारू नको, मले अजून राग हायेच."

मी पास झालो. पुढे इथेच सरकारी दफ्तरात लागलो. पदवी मिळाली त्या दिवशी बाबा आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. आई आजारी होती म्हणून ती नाही येऊ शकली. गुरुवार होता, म्हणून जेवण काकूकडे. बाबा पाटावर अवघडून बसले होते. काकूने त्यांना विचारलं, "पोराले गोल मारायला काहून नाही शिकवलं हो?" बाबा पोळीचा घास मोडत म्हणाले, "आमच्या घरी तसं काम नाही." काकू पदर तोंडाला लावून हसली. मग बाबाही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गाडीत बसवलं. त्यांनी खिडकीतून हात हलवला. मी एकदा हलवला आणि मग नजर फिरवून गाडीच्या शेपटाकडे पाहत उभा राहिलो. शेवटचा डबा आला, एल व्हीची पाटी आली आणि लहान होत गेली. त्यांनी खिडकीच्या गजांना गाल लावून मागे पाहिलं असेल. मी काय करतोय ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

सालेकसातले लोक मला विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं. गाव सोडून गेलेलेही विचारतात, स्वतःलाच. मी सालेकसाला जातो तेव्हा बाबा, आता रिटायर झालेले, अजूनही प्लॅटफॉर्मच्या त्याच टोकाला येतात. इकडे दर हिवाळ्यात तात्यापारा बाहेरचा गडी उचलतो, लोक ओरडतात, आणि सातांतला एक वार आता माझ्या घराचा आहे. तो गोल मारतो की नाही, हे मी विचारत नाही.

त्या दिवशी बाबांची गाडी गेली आणि मी प्लॅटफॉर्मवर तसाच उभा होतो, तेव्हा फोन वाजला. लताकाकू.

"गेली काय गाडी?"

"गेली."

"पूरी?"

"पूरी."

"मंग ये आता घरी. पोळ्या गार होऊन राहिल्या."

त्या दिवशी शुक्रवार होता.