जिन्यावरचं 'तू'

निवडणूक जाहीर झाली की अक्का खोबरेल तेलाची बाटली घेऊन खाली यायच्या. त्यांच्या स्कूटरवर पुढे आमच्या मंडळाचं गोल स्टिकर होतं. त्याच्या कडांना तेल चोळायचं, नखानं हळूहळू सोलायचं, उरलेला डिंक फडक्यानं पुसायचा. मग त्या आपल्या पक्षाच्या प्रचारासाठी बेंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या गल्ल्यांतून दारोदार हिंडायला मोकळ्या. निकाल लागला की माझ्यापुढे हात पसरायच्या. "दे रे एक नवीन. आले मी परत."

"अक्का, त्या स्टिकरकडे बघतंय कोण?"

"मी बघते ना."

त्या कोणत्या पक्षाच्या होत्या हे इथे लिहीत नाही. त्यांनीही ते मंडळाच्या खोलीत कधी उच्चारलं नाही.

परगावच्या मराठी मंडळात तुम्ही कधी काम केलं असेल, तर आमचं मंडळ तुम्हाला न बघताही ठाऊक आहे. मल्लेश्वरममध्ये पहिल्या मजल्यावर भाड्याची एक खोली, रविवारी मुलांचा मराठी वाचनाचा वर्ग, वर्षातून चार कार्यक्रम आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर बटाटेवड्यांवरून वाद. पण मंडळ रीतसर नोंदलेलं, देणगीदारांना करात सवलत मिळणारं. अक्का म्हणायच्या, "सवलत घेतलीय म्हणजे शब्द दिलाय. ही संस्था कुणाचा प्रचार करणार नाही. माणसांनी खुशाल करावा."

अक्का जन्मल्या, वाढल्या बेंगळुरातच. वडील सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याहून आलेले. अक्का स्वतः तशाच एका कारखान्याच्या कायदा विभागातून निवृत्त झाल्या होत्या. कुणी भलतं बोलायला लागलं की "स्वल्प थांबा" म्हणत हात वर करायच्या, पटलं की "सरी" म्हणून पुढच्या विषयाकडे वळायच्या.

मी मंडळाचा कार्यवाह, त्या समितीवर. नोकरी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, मूळचा पुण्याचा, वयानं त्यांच्या मुलासारखा. सभेत त्या मला "कार्यवाह, तुम्ही" म्हणायच्या. सभा संपून आम्ही जिना उतरायला लागलो की दुसऱ्याच पायरीवर "काय रे, जेवलास का?" सुरू व्हायचं. एकदा सभेत त्यांनी माझ्या हिशेबाची अशी काही चिरफाड केली की मी रडवेला झालो. जिन्यावर त्यांनी पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. "तुझ्यासाठी शंकरपाळे. आत रागावली ती सभासद होती."

त्यांना राजकारणाचं वावडं होतं असं मात्र समजू नका. आमच्या वर्गाच्या गल्लीत संध्याकाळी अंधार असायचा, मुलं ठेचकाळायची. तेव्हा त्यांनीच आम्हाला उमेदवारांच्या दारात नेलं. सगळ्यांच्या. प्रत्येकाला तीच मागणी, त्याच शब्दांत. एका कार्यालयातल्या कार्यकर्त्यानं कानडीत विचारलं, "तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"दिव्याच्या," अक्का म्हणाल्या.

बिचारा गोंधळला. शेजाऱ्याला हळूच विचारू लागला, दिवा ही कुणाची निशाणी? बाहेर आल्यावर अक्का इतक्या हसल्या की त्यांना कट्ट्यावर बसावं लागलं. "मागायला सगळ्यांकडे जायचं रे," त्या म्हणाल्या, "पण कुणाचं व्हायचं नाही."

गल्लीत दिवे लागले.

पुढच्या निवडणुकीत माझ्याकडे एका उमेदवाराचा माणूस आला. म्हणाला, साहेब निवडून आले तर मंडळाला जागा मिळवून देतील, स्वतःची इमारत बांधा. पाडव्याच्या कार्यक्रमात त्यांचा सत्कार करा आणि मंडळाचा पाठिंबा जाहीर करा, एवढंच. मी हुरळून गेलो. आमचा घरमालक खोली रिकामी करा म्हणत होता, मुलांचा वर्ग कुठे न्यायचा हे कळत नव्हतं. हे कारण खरं होतं. इमारतीच्या कोनशिलेवर कार्यवाह म्हणून माझं नाव येईल, हा विचारही तितकाच खरा होता.

सभासदांची सभा बोलावली. अक्का उठल्या. "स्वल्प थांबा. बोलवायचं तर सगळ्या उमेदवारांना बोलवा. नाहीतर कुणालाच नको. आणि पाठिंबा तर मुळीच नाही. मंडळ अडचणीत येईल."

लोक विचारात पडले. दोघातिघांनी माना डोलावल्या. जागा हातची जातेय असं मला दिसलं आणि मी म्हणालो, "अक्कांचा विरोध नियमासाठी आहे की त्यांच्या पक्षासाठी, तेवढं त्यांनी सांगावं."

खोली हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "आता कळलं!" मीही हसलो.

तेलाची बाटली घेऊन स्कूटरपुढे वाकलेल्या अक्का मी इतकी वर्षं बघत होतो. त्या दोन्ही गोष्टी किती कसोशीनं वेगळ्या ठेवतात हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणूनच तो वार बरोबर बसला.

मतदानात विरोधात त्यांचा एकटीचा हात वर झाला. मग त्या म्हणाल्या, "सरी. ठराव झाला."

पाडव्याला त्या आल्या, गुढीला नमस्कार केला, मुलांना गाठ्या वाटल्या. उमेदवार आल्यावर बाहेर चपलांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आत मी शाल-श्रीफळ देऊन माइकवर म्हणालो, "आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत!" मागे मंडळाचा फलक होता. ते सगळं मोबाइलवर फिरलं, कुणीतरी तक्रार केली आणि संस्थांच्या नोंदणी कार्यालयातून आम्हाला खुलाशासाठी बोलावणं आलं. उमेदवार तोवर पडला होता. त्याचा माणूस फोन उचलत नव्हता.

अध्यक्षांना ऐन वेळी रक्तदाब झाला. माझं कानडी भाजीवाल्यापुरतं. शेवटी मी अक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, "येते."

अधिकारी बाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, "तुमच्यात कायदा कळणारं कुणीच नव्हतं? कुणी विरोध केला नाही?" एवढं कानडी मला समजलं.

अक्का म्हणाल्या, "ठराव मंडळाचा होता, म्हणजे माझाही. चूक आमची झाली. पुन्हा होणार नाही असं लिहून देतो."

मी शेजारी उभा होतो. "यांनी विरोध केला होता" एवढं वाक्य मोडक्या कानडीत मला जमलं असतं. मी मान हलवत राहिलो. बाईंनी अक्कांना, माझ्यासमोर, या वयात असं शोभत नाही म्हणून चार शब्द सुनावले. अक्कांनी ऐकून घेतले.

बाहेर एका दर्शिनीच्या, उभ्यानं खायच्या हॉटेलाच्या, दारात आम्ही एक कॉफी दोघांत, बाय-टू, घेतली. मी म्हणालो, "अक्का, त्या दिवशी सभेत मी…"

"ते तुम्ही माझ्याजवळ बोलू नका, कार्यवाह."

सभा नव्हती. आम्ही रस्त्यावर उभे होतो, तरी त्या 'तुम्ही' म्हणाल्या.

"तुम्ही बोललात याचं वाईट नाही वाटत," त्या पुढे म्हणाल्या. "माणूस बोलून जातो. लोकांना ते पटलं, याचं वाटतं. आता मी काहीही सांगितलं तरी त्यांना त्यात माझा पक्ष दिसणार. ज्या खोलीत बोललात, त्याच खोलीत, त्याच लोकांपुढे सांगा की ते खोटं होतं. मला एवढंच हवंय."

"सांगतो, पुढच्याच सभेत."

पुढच्या सभेत घरमालकाचा विषय होता, भाडं वाढवून खोली ठेवली, मग गणपती आले. त्यानंतरच्या सभेत अक्कांनी समितीचा राजीनामा दिला आणि तो मंजूर करताना मीच त्यांच्या आभाराचं भाषण केलं. ते वाक्य सोडून सगळं बोललो. त्या शेवटच्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होत्या. जिन्यावर मी मुद्दाम रेंगाळलो. त्या म्हणाल्या, "या, तुम्ही व्हा पुढे."

मग त्या लेकीकडे धारवाडला गेल्या. गेल्या हिवाळ्यात, झोपेतच वारल्या. लेकीनं मंडळाच्या ग्रुपवर कळवलं. खाली हात जोडल्याची चित्रं पडत राहिली.

यंदाच्या वार्षिक सभेत, श्रद्धांजलीच्या विषयात, मी उभा राहिलो. म्हणालो, "अक्कांबद्दल मी या खोलीत एक खोटं बोललो होतो. त्यांचा विरोध पक्षासाठी नव्हता. मला ते तेव्हाही माहीत होतं."

खोलीत मुख्यतः नवी मंडळी होती. के. आर. पुरमकडून, आयटीतली, दोनतीन वर्षांत इकडे आलेली. त्यांनी आदरानं हात जोडले. त्या दिवशी हसलेल्यांपैकी बरेच कधीचेच यायचे थांबलेत. जे एकदोघे होते, ते मोबाइलमध्ये बघत होते.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हळूच विचारलं, "सॉरी काका, पण अक्का म्हणजे कोण?"

मी सांगू लागलो. अध्यक्ष घड्याळाकडे बघून म्हणाले, "थोडक्यात सांगा हं."