दोन बोटं

शहागंजातले आमचे मेकॅनिक चाचा गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी टायरवर हात फिरवतात, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. माझी फोर व्हील जीप, म्हणजे लिव्हर ओढला की इंजिनाचा जोर चारी चाकांना देणारी, पहिल्यांदा नेली, तेव्हा हात फिरवूनच म्हणाले, "पिशोरच्या शेतावरून चारी चाकं लावूनच आले का, साहेब?"

मी ऐटीत "हो" म्हणालो.

"शेतातल्या चिखलात चार लावा. डांबरावर दोनच. सुक्या रस्त्यावर चाक सरकत नाय, मग वळताना सगळा ताण आतल्या गिअरवर येतो. लई वाईट मोडतंय ते."

तेव्हापासून मी गॅरेजवरून गेलो, की चाचा बसल्या जागेवरून हात उंचावून "किती चाकं?" विचारतात आणि मी खिडकीतून दोन बोटं दाखवतो.

परवा शेतावरून येताना तशीच दाखवली. चाचांनी पाना खाली ठेवला आणि ते गर्दीतून वाट काढत जीपपाशी आले. वळताना पुढची चाकं घासल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. मी लिव्हरकडं बघितलं. चिखलात लावलेली चारी चाकं तशीच राहिली होती.

चाचा रागावले नाहीत. खिडकीतला माझा हात धरला आणि मिटलेली बाकीची दोन बोटंही हळूच उघडली.